शेळीचा सुजलेला गुडघा: विषाणू सांध्यात आहे, पण सांधा मोडतोय कोण?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९७०च्या दशकात दुभत्या शेळ्यांच्या एका कळपात दोन दुखणी एकाच वेळी ठाण मांडून होती. पहिलं करडांचं. दोन-चार महिन्यांचं चांगलं उड्या मारणारं करडू मागच्या पायांत अडखळायला लागायचं आणि थोड्याच दिवसांत मागचा भाग लुळा पडायचा. डोळे तरतरीत, खाण्यावर वासना शाबूत, पण लकवा पुढे सरकतच राहायचा. पुलमन इथल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात लिंडा कॉर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. मेंदू आणि मज्जारज्जूच्या पांढऱ्या भागाला सूज येते आणि हा आजार संसर्गाचा आहे, हे त्यांनी दाखवलं.

दुसरं दुखणं मोठ्या शेळ्यांचं होतं, आणि ते कुणाला फारसं नवलाचं वाटत नव्हतं. पुढच्या पायांचे गुडघे सुजायचे, उठताना शेळी कुरकुरायची, चारा खाताना पुढचे पाय दुमडून बसायची. गोठ्यात हे दृश्य नवीन नसतं. मार लागला असेल, ओल लागली असेल, जिवाणूंचा किंवा मायकोप्लाझ्माचा संसर्ग असेल, वय झालं असेल, अशी कारणं लगेच सुचतात. (शेळीच्या पुढच्या पायाचा ‘गुडघा’ हा शरीररचनेच्या दृष्टीने आपलं मनगट आहे. पुढे ज्या ऊतींबद्दल बोलायचं आहे, त्या मनगटातल्या आहेत. माणसाच्या आमवातातही, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्येही, मनगटाचाच बळी लवकर जातो, म्हणून हे लक्षात असू द्यावं.)

करडांचा लकवा आणि आयांचे गुडघे ही एकाच कारणाची दोन रूपं असू शकतात, हा विचार या प्रकरणाचा खरा वळणबिंदू ठरला. टी. बी. क्रॉफर्ड, डी. एस. अॅडम्स, डब्ल्यू. पी. चीव्हर्स आणि कॉर्क यांचा छोटासा शोधनिबंध १९८०च्या सुरुवातीला ‘सायन्स’मध्ये आला. ज्या कळपात करडांच्या मेंदूच्या आजाराचं प्रमाण मोठं होतं, त्याच कळपातल्या मोठ्या शेळ्यांना हा जुनाट संधिवात होता, आणि तो एका रेट्रोव्हायरसमुळे, म्हणजे पेशीच्या जनुकांत स्वतःला शिवून घेणाऱ्या विषाणूमुळे होता.

हे सिद्ध कसं केलं, ते बघण्यासारखं आहे. दुखऱ्या शेळीच्या सांध्यातलं अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, काढून त्याचे तुकडे काचेच्या भांड्यात वाढवले. तुकड्यातून बाहेर पसरणाऱ्या पेशींमध्ये विषाणू सापडला. सांध्यातल्या द्रवातून किंवा रक्तातून काही हाती लागायची वाट न बघता त्यांनी जिवंत ऊतीलाच बोलतं केलं, आणि यश तिथेच मिळालं. मग हा विषाणू सिझेरियन करून काढलेल्या करडांना टोचला. सिझेरियन अशासाठी की जन्मताना आणि जन्मानंतर आईकडून येऊ शकणारी कुठलीही गोष्ट त्यांच्या अंगात शिरलेली नसावी. करडांच्या सांध्यांत तसेच बदल झाले आणि त्या सांध्यांतून तोच विषाणू पुन्हा वेगळा काढता आला. रोगजंतू वेगळा करा, निरोगी प्राण्याला द्या, तोच रोग घडवा, तोच जंतू परत मिळवा: रॉबर्ट कॉखची ही जुनी शिस्त. माणसाच्या संधिवातात ती पूर्णपणे पाळता येत नाही. शेळीत पाळता आली, आणि या प्रकरणाचं वजन मुख्यतः त्यामुळे आहे.

विषाणूचं नाव पडलं कॅप्राइन आर्थ्रायटिस-एन्सेफलायटिस व्हायरस. जवळचे लोक नुसतं सीएई म्हणतात. तो लेंटिव्हायरस गटातला. एचआयव्ही याच गटातला, पण १९८० साली एचआयव्ही हा शब्दही अस्तित्वात नव्हता. गटातला जुना सदस्य होता आइसलँडच्या मेंढ्यांमधला मेडी-व्हिस्ना. १९३३ मध्ये जर्मनीतून आणलेल्या काराकुल मेंढ्यांबरोबर तो त्या बेटावर उतरला होता, आणि त्याच्यावर काम करतानाच ब्योर्न सिगुर्डसन यांनी ‘मंद संसर्ग’ ही कल्पना १९५४ मध्ये मांडली होती. आत शिरल्यावर वर्षानुवर्षं गप्प राहणारा, मग हळूहळू आणि एकाच दिशेने पुढे जाणारा आजार. शेळीचा गुडघा या व्याख्येत चपखल बसला.

अस्तरात काय काय बदलतं

निरोगी सांध्याचं अस्तर पेशींच्या एक-दोन, फार तर तीन थरांचं असतं. त्यात दोन जातींच्या पेशी असतात. एक फायब्रोब्लास्टच्या कुळातल्या, सांध्याचं वंगण तयार करणाऱ्या. दुसऱ्या मॅक्रोफेजच्या कुळातल्या, झाडलोट करणाऱ्या. या थराखाली इतर पडद्यांखाली असतो तसा आधारपटल नसतो, त्यामुळे खालच्या बारीक रक्तवाहिन्यांतून निघालेल्या पेशींना सांध्यात शिरायला अडथळा फारसा नाही. सीएई विषाणूचं बिऱ्हाड रक्तातल्या मोनोसाइट पेशींमध्ये असतं, आणि ऊतीत स्थिरावून मॅक्रोफेज होणं हेच मोनोसाइटचं भवितव्य. या विषाणूला सांधा का मानवतो, याचं निम्मं उत्तर या रचनेत आहे.

अॅडम्स आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्येच प्रयोगातल्या करडांच्या सुरुवातीच्या बदलांचा माग काढला. पहिल्या काही आठवड्यांतच अस्तराच्या पेशींची संख्या वाढून थर जाड होऊ लागतो. खालच्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींचं कडं जमतं. सांध्यातला द्रव वाढतो, त्यात पेशी वाढतात. पण करडू लंगडत असेलच असं नाही. बाहेरून दिसणारा आजार आणि ऊतीतला आजार यांची वेळापत्रकं इथे वेगळी आहेत. लंगडणं दिसतं तेव्हा आतला कारभार बराच जुना झालेला असतो.

पुढच्या टप्प्यात अस्तराचा सपाटपणा जातो. त्याला बोटांसारखे उंचवटे, म्हणजे विलाय, फुटतात आणि सांध्याच्या पोकळीत लोंबू लागतात. त्यांच्या गाभ्यात लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींची गर्दी असते. ही गर्दी काही ठिकाणी इतकी शिस्तबद्ध होते की लसिकाग्रंथीतच दिसाव्यात अशा गाठी सांध्याच्या अस्तरात तयार होतात. प्लाझ्मा पेशी म्हणजे प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी. याचा अर्थ रक्तातून प्रतिपिंडं सांध्यात झिरपतात एवढंच नसून सांधा ती स्वतःच तयार करू लागलेला असतो.

सुई घालून द्रव काढला तर तो पातळ झालेला, तांबूस किंवा तपकिरी छटेचा निघतो. एका घन मिलिमीटरमध्ये १,००० ते २०,००० पेशी, आणि त्यांतल्या ९० टक्क्यांच्या आसपास एककेंद्रकी, म्हणजे लिम्फोसाइट-मोनोसाइटच्या जातीच्या. हा आकडा निदानाला फार उपयोगी आहे. जिवाणूंनी सांधा पिकला असेल तर न्यूट्रोफिल, म्हणजे पुवातल्या पांढऱ्या पेशी, मोठ्या संख्येने सापडले असते. इथे पू नाही, तरीही सूज हटत नाही.

मग येतात तांदूळकण. अस्तराच्या पृष्ठभागावर फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, साचतं, त्याचे आणि मेलेल्या ऊतीचे तुकडे सुटून पोकळीत तरंगतात, हालचालींनी गुळगुळीत होतात आणि शिजलेल्या तांदळाच्या शितांसारखे दिसतात. गुडघ्यासमोरच्या द्रवपिशवीत आणि मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या पिशवीतही ते सापडतात. माणसाच्या आमवातात आणि क्षयाच्या सांध्यातही असेच कण निघतात, त्यामुळे कण दिसले म्हणून सीएई असं म्हणता येत नाही. सूज दीर्घकाळ चालू आहे एवढीच ग्वाही ते देतात.

शेवटच्या अवस्थेत ऊतीचे पट्टेच्या पट्टे मरतात. त्यांची जागा तंतुमय ऊती घेते, सांध्याचं वेष्टण जाड आणि ताठर होतं, मेलेल्या भागात कॅल्शियम साचतो. एक्स-रेमध्ये सुरुवातीला फक्त मऊ भागाची सूज दिसते. नंतर वेष्टणात आणि कंडरांच्या आवरणात चुन्याचे पांढरे डाग उमटतात. कूर्चा झिजते, अस्थिबंध आणि कंडरा तुटू शकतात. सांधा वाकलेल्या अवस्थेत आखडला की शेळी अक्षरशः गुडघ्यांवर चालते.

संसर्ग झालेल्या प्रत्येक शेळीची ही गत होत नाही. साधारण २० ते ३० टक्के शेळ्यांमध्येच आजार डोळ्यांना दिसण्याइतका वाढतो. बाकीच्या आयुष्यभर विषाणू बाळगतात, दूध देतात, वितात, आणि मालकाला काही कळतही नाही.

विषाणू थोडा, नासधूस फार

मायक्रोस्कोपखालची ही चित्रं बघून एक सोपा निष्कर्ष निघतो: विषाणू अस्तरात शिरला, त्याने पेशी मारल्या, सांधा मोडला. काचेच्या भांड्यात तसं घडतंही. हा विषाणू सायनोव्हियल पेशी एकमेकींत मिसळवून अनेक केंद्रकांच्या भल्यामोठ्या पेशी करतो आणि त्या मरतात. शेळीच्या सांध्यात मात्र हिशेब जुळत नाही. विषाणूचा आरएनए ज्यांच्यात सापडतो त्या पेशी अस्तरात मुख्यतः मॅक्रोफेज असतात आणि जमलेल्या गर्दीच्या मानाने त्या थोड्याच असतात. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींची ती फौज स्वतः संसर्गित नसते.

विषाणू इतका कमी का दिसतो, याचं उत्तर ओपेंद्र नारायण आणि त्यांच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी १९८३च्या सुमारास दिलं. मोनोसाइट रक्तात फिरत असताना विषाणू त्यात जवळपास मुका असतो. जनुकं आत, पण प्रथिनं बाहेर नाहीत. म्हणून प्रतिकारशक्तीला ती पेशी परकी वाटत नाही. ऊतीत शिरून मोनोसाइट प्रौढ मॅक्रोफेज होऊ लागला की विषाणूची जनुकं जागी होतात. म्हणजे सांध्यात जेवढी सूज, तेवढे नवे मोनोसाइट तिथे ओढले जाणार. त्यांतले काही विषाणू घेऊन येणार. ते प्रौढ होताना नवा विषाणू बाहेर पडणार. आणि त्याने सूज आणखी वाढणार. हे चक्र आपोआप थांबण्याचं काही कारण दिसत नाही.

प्रतिपिंडांची कथा तर याहून विचित्र आहे. संसर्गित शेळीच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं भरपूर असतात, सांध्याच्या द्रवातही असतात, पण विषाणूला निकामी करण्याची त्यांची ताकद तोकडी असते. उलट, विषाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं ज्या शेळ्यांत जास्त, त्यांत संधिवातही जास्त, असा संबंध दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरं. जास्त विषाणू असेल तर प्रतिपिंडंही जास्त असणार आणि संधिवातही, असं म्हणता येतंच.

म्हणून १९८६ मधला ट्रॅव्हिस मॅग्वायर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मला या सगळ्या प्रकरणाचा कणा वाटतो. त्यांनी काही शेळ्यांना आधी लस देऊन तयार केलं आणि मग खरा विषाणू टोचला. संरक्षण मिळायला हवं होतं. झालं उलटंच: लस न दिलेल्या शेळ्यांपेक्षा या शेळ्यांच्या सांध्यांना अधिक तीव्र सूज आली. आधीपासून संसर्ग असलेल्या शेळ्यांना पुन्हा विषाणू दिला, तेव्हाही सांधे भडकले. विषाणूला ओळखणारी प्रतिकारशक्ती तयार असणं हेच सांध्याला महागात पडलं. सीएईवर आजही वापरात असलेली लस नाही, आणि त्यामागे या निकालाचा वाटा मोठा आहे.

प्रतिकारशक्ती इथे वेडी झालेली नाही, ती चुकून स्वतःच्या शरीरावरही उलटलेली नाही. समोर खरोखरच परका शत्रू आहे. तो संपत नाही, म्हणून लढाई संपत नाही, आणि लढाईचं मैदान तेवढं खचत जातं. ‘ऑटोइम्यून’ हे लेबल प्रत्येक जुनाट संधिवातावर सरसकट चिकटवलं जातं, तेव्हा ही शेळी आठवावी. मायक्रोस्कोपखाली तिचं अस्तर आणि आमवाताच्या रुग्णाचं अस्तर शेजारी ठेवलं तर साम्य थक्क करणारं असतं. कारणं मात्र एक असतीलच असं नाही.

या साम्यानेच माणसाच्या आमवातातही रेट्रोव्हायरस शोधण्याची मोठी धडपड झाली. शेळीचा निबंध आला त्याच वर्षी, १९८० मध्ये, माणसातला पहिला रेट्रोव्हायरस एचटीएलव्ही-१ जाहीर झाला, त्यामुळे आशा आणखी वाढली. एचटीएलव्ही-१ जिथे घराघरांत आहे त्या जपानच्या क्युशू बेटावर या विषाणूशी जोडलेला संधिवात डॉक्टरांनी नोंदवला, आणि १९९१ मध्ये त्याची जनुकं घातलेल्या उंदरांना आमवातासारखा आजार झाल्याचंही दिसलं. पण जगभरच्या नेहमीच्या आमवातामागे कुठलाही एक रेट्रोव्हायरस सिद्ध झालेला नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न चिकुनगुनियाने वेगळ्या रूपात समोर आणला. २००५-०६च्या साथीनंतर महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत ताप गेला, सांधे मात्र महिनोनमहिने धरलेलेच राहिले. हा विषाणू रेट्रोव्हायरस नाही, पेशीच्या जनुकांत तो स्वतःला शिवून घेत नाही. तरी रीयूनियन बेटावरच्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात १८ महिन्यांनंतरही त्याचे अंश मॅक्रोफेजमध्ये सापडले. उलट कोलंबियातल्या ३८ रुग्णांच्या गुडघ्यांतला द्रव दीडेक-दोन वर्षांनी तपासला तेव्हा त्यात विषाणू मिळाला नाही. या दोन निकालांची झटापट लावण्याआधी एकात अस्तर तपासलं आणि दुसऱ्यात द्रव, हे बघायला हवं. क्रॉफर्ड यांना विषाणू मिळाला होता तो वाढवलेल्या अस्तरातून. दुसरीकडे, सांध्यात विषाणू नसतानाही त्याने सुरू केलेली सूज मागे चालू राहू शकते, ही शक्यता चिकुनगुनियात खरी वाटते. सीएईत विषाणू जन्मभर हजर असतो. क्लोरोक्वीन सांध्याला आराम देईल, या आशेवर पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने चिकुनगुनियानंतर सांधे धरलेल्या ७० रुग्णांत ते मेलॉक्सिकॅमशी ताडून पाहिलं. २४ आठवड्यांनंतर ते त्या साध्या वेदनाशामकापेक्षा सरस ठरलं नाही.

दुधाचा रस्ता

शेळ्यांच्या बाबतीत उपाय औषधातून निघाला नाही, तो चिकातून निघाला. १९८१ मध्ये क्रॉफर्ड आणि अॅडम्स यांनी अमेरिकेच्या २४ राज्यांतून आलेले १,१६० शेळ्यांचे रक्तनमुने तपासले. ८१ टक्क्यांत प्रतिपिंडं सापडली. हे निवडक कळप होते, देशाची सरासरी नव्हे. तरी चित्र स्पष्ट होतं. इतका प्रसार झाला कसा? दुग्धव्यवसायातल्या चांगल्या सवयीनेच. अनेक शेळ्यांचा चीक आणि दूध एकत्र करून सगळ्या करडांना पाजायचं, म्हणजे कुणी उपाशी राहत नाही आणि श्रम वाचतात. एका संसर्गित शेळीच्या दुधातल्या मॅक्रोफेज पेशी अशा तऱ्हेने गोठ्यातल्या सगळ्या करडांच्या पोटात जायच्या.

तोड साधी निघाली, मेहनतीची मात्र आहे. करडू जन्मताच आईने चाटायच्या आत वेगळं करायचं. चीक ५६ अंश सेल्सिअसला एक तास धरायचा. याहून जास्त तापवला तर तो फाटतो आणि करडाला हवी असलेली प्रतिपिंडंही जातात. नंतर पाश्चराइज केलेलं दूध द्यायचं. मोठ्या शेळ्यांचं रक्त तपासून संसर्गित कळप वेगळा बांधायचा, त्यांचं दूध शेवटी काढायचं. स्वित्झर्लंडने १९९८ पासून सक्तीची मोहीम चालवली, नॉर्वेने २००१ पासून ऐच्छिक. आधीच सुजलेल्या गुडघ्याला यातलं काही लागू पडत नाही. तिथे खूर वेळेवर कापणं, मऊ आणि कोरडं अंथरूण, वेदनाशामक, आणि शेवटी मालकाचा निर्णय.

उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळीचं करडू बहुतेक ठिकाणी आपल्या आईलाच लुचतं, त्यामुळे एका शेळीचा विषाणू शंभर करडांत जाण्याचा रस्ता आपल्या परंपरागत पद्धतीत फारसा उघडा नाही. पण बंदिस्त गोठे वाढताहेत, करडांना बाटलीने एकत्र दूध पाजणं सुरू झालं आहे, आणि सानेनसारख्या परदेशी दुभत्या जातींचं रक्त आणण्याचा उत्साहही आहे. सीएईचा सर्वांत मोठा अनुभव अशाच दुभत्या जातींच्या कळपांतला आहे. शेळी किंवा बोकड विकत घेताना कास, सड, दात, खूर सगळं बघतात. सीएईसाठी एलायझा, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी मागणारे विरळाच. कासही नीट बघावी. पहिल्या विताला कास दगडासारखी घट्ट, दूध कमी, पण दुधात गुठळ्या नाहीत आणि कास तापलेलीही नाही, असं असेल तर दगडीची (कासदाहाची) औषधं सुरू करण्याआधी पशुवैद्याला या विषाणूबद्दल विचारावं. हा विषाणू कासेच्या ऊतीतही तसाच लिम्फोसाइटचा पसारा मांडतो.

तपासणी करताना वयाचं भान ठेवावं लागतं. चिकातून आलेली आईची प्रतिपिंडं करडाच्या रक्तात काही महिने टिकतात, त्यामुळे सहा महिन्यांच्या आतल्या करडाचा ‘पॉझिटिव्ह’ निकाल आईचाही असू शकतो. आणि संसर्गानंतर स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हायला काही शेळ्यांना बरेच महिने लागतात, म्हणून एका ‘निगेटिव्ह’ कागदावर विसंबून नवीन जनावर कळपात सोडू नये. ते वेगळं बांधावं, आणि काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासून घ्यावं.